दूरचें गाणें आणि गांवचें केंद्र

जुन्या रेडिओ-यंत्राच्या दर्शनी काचेवर शहरांचीं नांवें छापलेलीं असत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, कोलंबो, लंडन अशा नांवांच्या ओळींमधून एक कांटा सरके, आणि ज्या नांवावर तो थांबे त्या शहरांतील गाणें घरांत उतरे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेंत एखाद्या माडीवर असें यंत्र असलें, तर त्याच्या काचेवर सोलापूर मात्र कोठें सांपडत नसे. आज त्याच पेठेंत रेडिओ लावला तर काचेवर एकाहि शहराचें नांव दिसत नाहीं. दिसतात ते केवळ आंकडे, ८८ पासून १०८ पर्यंत. त्यांपैकीं १०३.४ या आंकड्यावर आकाशवाणीचें सोलापूर केंद्र आहे, आणि तें इतकें स्वच्छ ऐकूं येतें कीं गवयानें दोन तानांच्या मध्यें घेतलेला श्वासहि कानांतून निसटत नाहीं.

काचेवरून जगांतील शहरें गेलीं आणि आपलें शहर आलें, ही जी अदलाबदल झाली तिलाच लोक एफ्. एम्.चें युग म्हणतात. या अदलाबदलींत श्रोत्यास काय मिळालें, त्याच्या हातचें काय गेलें, आणि जें मिळालें त्याचें चीज झालें काय, याचा विचार फारसा होत नाहीं. तो करावयाचा तर थोडें मागें गेलें पाहिजे.

हिंदुस्थानांत हौशी रेडिओ-मंडळांनीं १९२३ पासून प्रायोगिक ध्वनिक्षेपण चालविलें होतें. परंतु कंपनी स्थापून नियमित कार्यक्रमांचा आरंभ झाला तो २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईस. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या या केंद्राचें उद्घाटन व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं केलें. पुढच्याच महिन्यांत कलकत्त्यास दुसरें केंद्र निघालें. दोन्ही केंद्रांची शक्ति अवघी दीड किलोवॅट. सुमारें तीस मैलांच्या पलीकडे त्यांचा आवाज भरंवशानें पोंचत नसे. परवान्याचें वार्षिक शुल्क मात्र दहा रुपये होतें, आणि मुंबईपासूनच्या अंतराप्रमाणें तें कांहीं कमी होत नसे. मुंबईकरानें दहा रुपये भरले तर त्यास गाणें मिळे; सोलापूरकरानें तेच दहा रुपये भरले तर त्याच्या वांट्यास बहुधा खरखर येई. परवान्यांच्या तुटपुंज्या उत्पन्नावर कंपनी तगली नाहीं. १ मार्च १९३० रोजीं तिचें दिवाळें निघालें, आणि एप्रिलपासून सरकारनें कारभार हातीं घेतला. ८ जून १९३६ रोजीं या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. १९३८ सालीं मुंबईस लघुलहरींचा प्रक्षेपक बसला, तेव्हां कोठें मुंबईचें गाणें घाट ओलांडून पठारावर खात्रीनें येऊं लागलें.

लघुलहरींनींच हें कां साधावें, याचें कारण लहरींच्या स्वभावांत आहे. मध्यमलहरींची लांबी सुमारें दोनशें ते साडेपांचशें मीटर. दिवसा त्या जमिनीस धरून चालतात आणि अंतराबरोबर क्षीण होत जातात. त्यांचा जो भाग आकाशाकडे जातो तो वातावरणांतील उंच, विद्युद्भारित थरांपैकीं सर्वांत खालच्या थरांत शोषला जातो. सूर्य मावळला कीं हा खालचा थर विरतो, आणि वरचे थर आरशाप्रमाणें त्या लहरी पुन्हा पृथ्वीकडे परतवितात. म्हणूनच दिवसा मुकें असलेलें दूरचें केंद्र रात्रीं बोलूं लागतें. लघुलहरींची लांबी दहा ते शंभर मीटर. त्या दिवसाहि वरच्या थरांवरून परततात आणि हजारों मैलांची मजल मारतात. मात्र ते थर क्षणोक्षणीं हालत असल्यामुळें आवाज लाटेप्रमाणें चढतो आणि उतरतो.

अशा रात्रींच्या श्रवणास सोलापूर हें शहर मोठें सोयीचें होतें. रस्त्यानें पुणें सुमारें अडीचशें किलोमीटर, हैदराबाद तीनशें. विजापूर आणि गुलबर्गा हीं शंभराच्या आसपास. शहराच्या वस्तींत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. हैदराबादचें केंद्र निजामी अमदानींतच चालू होतें. १९५० सालीं धारवाडचें केंद्र निघालें, २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्याचें, आणि १९६३ सालीं सांगलीचें. रात्रीं कांटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरविला, तर मराठी भावगीत, कानडी वचन, तेलुगु पद आणि उर्दू गझल यांची गांठ एकाच बैठकींत पडे. सोलापुरांत केंद्र नव्हतें; परंतु सोलापूरच्या भाषा बोलणारीं केंद्रें आकाशमार्गानें सोलापुरास येत होतीं.

या लहरींवरून काय वाजवावें हा निर्णय मात्र श्रोत्याच्या हातीं नव्हता. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. तिचे ठरीव स्वर आपल्या संगीतांतील श्रुतींस आणि मिंडेस जुळत नाहींत असा आक्षेप होता, आणि ती बंदी १९७० नंतरच हळूहळू सैल झाली. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. अभिजात संगीत राजेरजवाड्यांच्या आश्रयावर जगत होतें. संस्थानें गेलीं, तेव्हां त्याचा सांभाळ नभोवाणीनें करावा, अशी त्यांची दृष्टि होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालीं आणि आकाशवाणीचें संगीत संमेलन १९५४ सालीं सुरू झालें, तें या धोरणाचें फळ होय. त्याच धोरणाची दुसरी बाजू अशी कीं चित्रपटांतील गाणीं सरकारी केंद्रांवरून जवळजवळ नाहींशीं झालीं.

परंतु लघुलहरींना सरहद्द नसते. सिंहलद्वीपांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सैनिकांसाठीं उभारलेला जबर शक्तीचा प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हातीं आला होता. तेथून १९५२ सालीं अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां देशभर रेडिओचे कांटे कोलंबोकडे वळूं लागले. आपल्याच देशांत रचलेलीं गाणीं समुद्रापलीकडून, खरखरींतून आणि चढउतारांतून ऐकण्यास लोकांनीं कमी केलें नाहीं. पांच वर्षांनीं, ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं, आकाशवाणीनें 'विविधभारती' सुरू केली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें आणि नागपूर येथें तिच्यावर जाहिरातीहि येऊं लागल्या. श्रोत्यास पाहिजे तें गाणें जवळ मिळालें नाहीं तर तो तें दूरून आणतो, हा धडा त्या पांच वर्षांनीं दिला.

आणि जवळचें केंद्र मनावर घेईल तर काय करूं शकतें, याचा धडा त्याच काळांत पुण्यानें दिला. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें. केंद्रावरील कार्यक्रमाधिकारी सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचें काव्य, सुधीर फडक्यांच्या चाली. दर शुक्रवारीं सकाळीं नवें गीत येई आणि शनिवारीं व रविवारीं तेंच पुन्हा ऐकवीत. त्या वर्षीं अधिक मास पडल्यामुळें गीतांची संख्या छप्पन्नावर गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक त्यांत होते. केंद्र वयानें दोन वर्षांचेंहि नव्हतें, साधनें बेताचीं होतीं. तरी त्या केंद्राच्या भोंवतीं जे कवि, गवई आणि वादक राहत होते त्यांच्याकडून त्यानें नवें काम करवून घेतलें. बाहेरून आलेल्या तबकड्या वाजविण्यावर तें थांबलें नाहीं. त्या कामाची गोडी पुढें महाराष्ट्रभर पसरली.

मध्यमलहरी आणि लघुलहरी यांनीं पल्ला दिला, पण सुरांचा कांहीं भाग कापून घेतला. ध्वनि लहरीवर चढविण्याची जुनी रीत अशी कीं लहरीची कंपनसंख्या कायम ठेवावयाची, आणि आवाजाच्या चढउताराप्रमाणें तिची उंची कमीअधिक करावयाची. आकाशांतील वीज, रस्त्यावरील ठिणगी, यंत्रमागांच्या मोटारी यांपासून निघणारे उपद्रवहि लहरीच्या उंचीवरच परिणाम करितात. ग्राहकयंत्रास गाणें कोणतें आणि उपद्रव कोणता हें ओळखतां येत नाहीं. तें दोन्ही एकत्र वाजवितें. १८७७ पासून गिरण्यांचें आणि पुढें यंत्रमागांचें गांव झालेल्या सोलापुरास हें निराळें सांगावयास नको.

दुसरी अडचण जागेची. मध्यमलहरींच्या पट्ट्यांत केंद्रांची इतकी दाटी आहे कीं शेजारच्या दोन केंद्रांमध्यें अवघें नऊ किलोहर्ट्झचें अंतर ठेवलेलें असतें. त्यामुळें सेकंदास साडेचार-पांच हजार कंपनांच्या वरचे सूर श्रोत्यापर्यंत बहुधा पोंचत नाहींत. मनुष्याच्या बोलण्यास तेवढे पुरतात. परंतु तंबोऱ्याच्या जव्हारीतून जी सूक्ष्म स्वरांची झळाळी उठते, टाळ-झांजांचा जो किणकिणाट असतो, घुंगरांचा जो कण असतो, तो बराचसा या मर्यादेच्या वर राहतो. श्रुति कानावर स्वच्छ पडाव्या म्हणून जेथें हार्मोनियम वर्ज्य केली, तेथें तंबोऱ्याचें अर्धें तेज वाटेंतच गळून जात होतें.

यावर उपाय शोधला तो अमेरिकेंतील मेजर एड्विन आर्मस्ट्राँग यानें. लहरीची उंची कायम ठेवावी आणि आवाजाप्रमाणें तिची कंपनसंख्या कमीअधिक करावी, ही कल्पना पूर्वींचीच होती. तींत कांहीं लाभ नाहीं असें गणिताच्या आधारें सांगितलेंहि गेलें होतें. आर्मस्ट्राँगनें ओळखलें कीं लाभ दिसत नाहीं तो पट्टा अरुंद धरल्यामुळें. कंपनसंख्येस हालावयास मोकळी जागा दिली, तर उपद्रव खालीं दबतो आणि गाणें वर राहतें. ग्राहकयंत्र प्रथम लहरीची उंची छाटून सारखी करितें, म्हणजे विजेचा आणि मोटारींचा उपद्रव बव्हंशी छाटला जातो; मग केवळ कंपनसंख्येंतील फरकावरून तें ध्वनि पुन्हा उभा करितें. हीच फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनची, म्हणजे एफ्. एम्.ची रीत. तिचीं एकस्वपत्रें त्यास २६ डिसेंबर १९३३ रोजीं मिळालीं, आणि नोव्हेंबर १९३५ मध्यें न्यूयॉर्क येथें त्यानें तज्ज्ञांच्या सभेपुढें तिचें प्रात्यक्षिक केलें. पेल्यांत पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाज त्या सभेंत जसाच्या तसा ऐकूं आला. आजच्या एफ्. एम्.मध्यें लहर आपल्या मूळ कंपनसंख्येच्या दोन्ही बाजूंस ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुकते, आणि पंधरा हजार कंपनांपर्यंतचे सूर तींतून जातात.

संशोधकास मात्र त्याचें फळ लाभलें नाहीं. जुन्या पद्धतींत भांडवल गुंतलेल्या मोठ्या कंपन्यांस नव्या पद्धतीची घाई नव्हती. १९४५ सालीं अमेरिकन सरकारच्या नियामक मंडळानें एफ्. एम्.चा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ केला, तेव्हां पूर्वींची सर्व यंत्रें एकदम निरुपयोगी झालीं. एकस्वांच्या खटल्यांत वर्षें गेलीं, पैसा गेला. ३१ जानेवारी १९५४ रोजीं आर्मस्ट्राँगनें स्वतःच्या हातानें जीवन संपविलें. त्याच्या पत्नीनें ते खटले पुढें चालविले, आणि १९६७ पर्यंत एकूण एक जिंकले.

या स्वच्छतेची किंमत अंतरानें द्यावी लागते. एफ्. एम्.च्या लहरी अवघ्या तीन मीटरांच्या आसपास असतात. त्या जमिनीस धरून दूरवर जात नाहींत, आणि आकाशांतील थर त्यांस सहसा परतवीत नाहींत. प्रकाशाप्रमाणें त्या बहुतेक सरळ रेषेंत जातात. जेथवर मनोऱ्यावरून क्षितिज, तेथवर त्यांचें राज्य. हिशेब सोपा आहे: मनोऱ्याच्या मीटरांतील उंचीचें वर्गमूळ काढून त्यास सुमारें चारानें गुणिलें कीं किलोमीटरांतील पल्ला येतो. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्याचा पल्ला चाळीस किलोमीटर. ऐकणारा दहा मीटर उंचीवर असला तर त्यांत आणखी बारा-तेरा किलोमीटरांची भर पडते. सोलापुरांत असा मनोरा धरला, तर अक्कलकोट त्याच्या वर्तुळांत येतें. पंढरपूर आणि बार्शी काठाबाहेर राहतात. शुक्रवार पेठेस तो आवाज रात्रंदिवस सारखा मिळतो, पण त्यावर कोलंबो कधींच ऐकूं येणार नाहीं.

म्हणून एफ्. एम्.चें केंद्र हें निसर्गतःच एका शहराचें केंद्र होय. देशाचें केंद्र होण्याची त्याची घडणच नाहीं. एका शहराच्या आंकड्यावर दोन-तीनशें किलोमीटरांवर दुसरें शहर निर्वेध बोलूं शकतें, कारण दोघांचे आवाज एकमेकांपर्यंत पोंचतच नाहींत. ज्या गुणामुळें तें तोकडें पडतें, त्याच गुणामुळें प्रत्येक शहरास आपलें निराळें गाणें बाळगतां येतें. पुढील सारा प्रश्न या एका गुणाचा उपयोग कोणी कसा केला, हा आहे.

जगांत त्याचा उपयोग प्रथम अडचणींतून झाला. महायुद्धांत हरलेल्या जर्मनीस १९४८ च्या कोपनहेगन येथील वांटणींत मध्यमलहरींवर फारच थोडी जागा मिळाली. तेव्हां जर्मनांनीं एफ्. एम्.ची कांस धरली. म्युनिच येथें फेब्रुवारी १९४९ मध्यें त्यांचा पहिला प्रक्षेपक सुरू झाला. बी. बी. सी.नें मे १९५५ मध्यें केंट परगण्यांतील रॉथम येथून आरंभ केला. अमेरिकेंत केंद्रें होतीं, पण बहुतेक मालक जुन्या केंद्रावरचाच कार्यक्रम एफ्. एम्.वरहि लावून देत, त्यामुळें नवें यंत्र घेण्याचें कोणास कारण नव्हतें. १९६४ सालीं तेथील नियामक मंडळानें असा नियम केला कीं एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एकाच मालकाच्या दोन्ही केंद्रांनीं निम्म्याहून अधिक वेळ तोच कार्यक्रम देऊं नये. मालकांस कांहीं तरी निराळें वाजविणें भाग पडलें. जीं लांबलचक गाणीं आणि जें नवें संगीत जुन्या केंद्रांवर येत नसे तें एफ्. एम्.वर आलें, त्यापाठोपाठ तरुण श्रोता आला, आणि १९७० नंतरचें दशक संपतांना तेथील एफ्. एम्.च्या श्रोत्यांनीं जुन्या केंद्रांच्या श्रोत्यांस मागें टाकलें. तेथें एफ्. एम्. रुजलें तें केवळ स्वच्छतेमुळें नव्हे. त्याच्यावर दुसरीकडे नसलेलें कांहीं तरी मिळूं लागलें, म्हणून रुजलें.

हिंदुस्थानांतील पहिलें एफ्. एम्. प्रक्षेपण मद्रासला २३ जुलै १९७७ रोजीं, म्हणजे मुंबई केंद्राच्या उद्घाटनास बरोबर पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं सुरू झालें. पुढें पंधरा वर्षें त्याची चाल मंदच होती. १९९३ सालीं आकाशवाणीनें मुंबई आणि दिल्ली येथें एफ्. एम्.वरील वेळ खाजगी कंपन्यांस भाड्यानें दिला. ती व्यवस्था १९९८ सालीं संपली. मध्यंतरीं ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिजवर सरकारचा एकाधिकार असूं शकत नाहीं. १९९९ सालीं खाजगी केंद्रांचें धोरण ठरलें, चाळीस शहरांतील १०८ जागा देण्याचें योजिलें गेलें, आणि ३ जुलै २००१ रोजीं बंगळूर येथें पहिलें खाजगी केंद्र सुरू झालें. परंतु लिलावांत चढलेलें आणि दरसाल पंधरा टक्क्यांनीं वाढणारें परवाना-शुल्क अनेकांस पेललें नाहीं; प्रत्यक्षांत अवघीं वीस-बावीस केंद्रें उभीं राहिलीं. २००५ सालीं दुसरा टप्पा आला. त्यांत ठरीव शुल्काऐवजीं प्रवेशशुल्क आणि उत्पन्नाचा चार टक्के हिस्सा अशी रीत आली, आणि ९१ शहरांची यादी झाली. सोलापूरच्या आकाशांत खाजगी एफ्. एम्. आलें तें या टप्प्यांत. २०११ च्या तिसऱ्या टप्प्यानें आणखी लहान शहरांकडे मोर्चा वळविला.

सोलापूरच्या श्रोत्यास अशा रीतीनें आपल्या गांवांत एकापेक्षां अधिक केंद्रें मिळालीं, आणि तीं सर्व स्वच्छ ऐकूं येतात. मात्र एका खाजगी केंद्राकडून दुसऱ्यावर कांटा नेला तर बहुधा एक हिंदी चित्रपटगीत सुटतें आणि दुसरें लागतें. जुन्या काळीं आवाज अस्पष्ट होता आणि निवड विस्तीर्ण होती. आज आवाज स्पष्ट आहे आणि निवड आंखडली आहे. यांत दोष यंत्राचा नाहीं. खाजगी केंद्र जाहिरातींवर जगतें. ज्या गाण्याची ओळख सर्वांस आधींच आहे तेंच गाणें त्यास निर्धास्त वाटतें. लहान शहरांत जाहिरातींचें उत्पन्न थोडें, म्हणून खर्च वांचविण्यासाठीं एका ठिकाणीं तयार केलेला कार्यक्रम अनेक शहरांत वाजविला जातो. दुसऱ्या टप्प्यांत ही मुभा लहान शहरांपुरती आणि विभागापुरती होती. तिसऱ्या टप्प्यांत ती एका कंपनीच्या देशभरच्या केंद्रांस मिळाली. अमेरिकेंत नियमानें केंद्रांस निराळें होण्यास भाग पाडलें. येथें नियमानें त्यांस एकसारखें होण्याची सोय करून दिली. स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी खाजगी केंद्रांस नाहीं. २०१९ पासून आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या त्यांस पुनःप्रक्षेपित करतां येऊं लागल्या. म्हणजे गांवचें केंद्र होण्याचा बातम्यांचा मार्ग बंदच, आणि राहिला तो गाण्याचा मार्ग रिकामा.

तो भरण्यास सोलापुराकडे काय आहे, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर लांब जाऊन शोधावें लागत नाहीं. पेशवाईच्या उत्तरार्धांत लावणी गाजविणारा शाहीर राम जोशी सोलापूरचाच. विसाव्या शतकांत भावगीतें आणि चित्रपटगीतें लिहिणारे कवि संजीव सोलापूरचेच. बाराव्या शतकांतील सिद्धरामांचीं कानडी वचनें येथील सिद्धेश्वराच्या परिसरांत रुजलीं, आणि दर संक्रांतीस गड्ड्याच्या यात्रेंत नंदीध्वजांबरोबर वाद्यांचा गजर शहरभर फिरतो. पूर्वभागांतील विणकर वस्तींत तेलुगु गीतें आहेत, मोहल्ल्यांत उर्दू कव्वाली आहे, आषाढींत शहरावरून पंढरीकडे जाणाऱ्या दिंड्यांचे अभंग आहेत. पूर्वीं हीं चार भाषांचीं गाणीं चार दिशांच्या केंद्रांवरून येत. आज एका वर्तुळांत, एका मनोऱ्याखालीं, तीं सर्व गाणारीं माणसें राहतात. टाळांचा किणकिणाट आणि घुंगरांचा कण जशाचा तसा पोंचविणारी रीतहि आतां हातीं आहे. आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रांवर स्थानिक कलावंतांस वेळ देण्याची जुनी प्रथा आहे, तीच येथें मुख्य आधार. सोलापूर जिल्ह्याच्या शेजारीं म्हसवड येथील माणदेशी तरंग वाहिनी हें सामुदायिक केंद्रहि उदाहरण म्हणून घेण्यासारखें आहे. अशा केंद्रास शंभर वॅटांच्या आंतच राहावें लागतें आणि त्याचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरांचा असतो. तरी तेवढ्या वर्तुळांतील माणसें स्वतःच्या बोलींत बोलतात आणि गातात.

हें काम आतांच होणें कां अगत्याचें, याचेंहि कारण आहे. मध्यमलहरींचें जुनें राज्य आटोपत आलें आहे. नागपूरचा हजार किलोवॅटांचा प्रक्षेपक ज्या राष्ट्रीय वाहिनीसाठीं १९८८ पासून चालत होता, ती वाहिनी जानेवारी २०१९ मध्यें बंद झाली. नॉर्वेनें तर २०१७ सालीं राष्ट्रीय केंद्रांचें एफ्. एम्.हि थांबवून अंकीय पद्धति स्वीकारली. हातांतील दूरध्वनीवर आज जगांतील कोणतेंहि गाणें, कोणत्याहि क्षणीं, खरखरीवांचून मिळतें. दूरचें गाणें जवळ आणणें हें ज्या नभोवाणीचें एके काळीं अपूर्व काम होतें, त्या कामासाठीं तिची आतां कोणास गरज उरलेली नाहीं. जें चित्रपटगीत श्रोत्याच्या खिशांत आधींच आहे, तें त्यास पुन्हा ऐकविण्यासाठीं मनोरा कशास पाहिजे? मनोऱ्यास जागा उरते ती एकाच कामासाठीं: जें त्या शहरावांचून दुसरीकडे कोठेंच सांपडणार नाहीं, तें वाजविण्यासाठीं.

लहरी सार्वजनिक आहेत असा न्यायालयाचा निर्णय असल्यामुळें त्यांवर काय वाजावें हें विचारण्याचा अधिकार श्रोत्यासहि पोंचतो. १९५२ सालीं श्रोत्यानें न बोलतां कांटा कोलंबोकडे वळविला, आणि पांच वर्षांनीं सरकारनें आपलें धोरण बदललें. आज कांटा वळविण्याऐवजीं पत्र लिहिणें, गावयाचें असेल त्यानें केंद्राचें दार ठोठावणें, आणि गांवांतील गवयाचा कार्यक्रम असेल त्या वेळीं घरांतील रेडिओ चालू ठेवणें, एवढें तरी करतां येण्यासारखें आहे. शुक्रवार पेठेंतील माडीवरच्या यंत्रावर आतां शहरांचीं नांवें नसतात. कोणत्या आंकड्यावर कोणतें शहर आहे, हें तेथून येणाऱ्या गाण्यावरूनच ओळखूं आलें पाहिजे.